जालन्याच्या बिलेट कास्टरवर लेव्हल का हलते? सीसीएमवरच्या व्यत्ययांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना एमआयडीसीत इंडक्शन भट्टी, तिला लागून सीसीएम (पोलादाचं सलग ओतकाम करणारं यंत्र, म्हणजे कास्टर) आणि तिथून लालभडक बिलेट (पोलादाची लांब चौकोनी कांडी) सरळ रोलिंग मिलमध्ये, अशी मांडणी आता बऱ्याच ठिकाणी आहे. पुढचे प्रश्न तिथले ऑपरेटर, शिफ्ट इंजिनिअर, कारखानदार आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी नेहमी विचारतात. वेगळं सांगितलं नसेल तिथे हिशेब १०० × १०० मि.मी. बिलेटचा, उघड्या धारेच्या कास्टिंगचा (रसाची धार मोकळी मोल्डमध्ये पडते) आणि सळईसाठीच्या साध्या पोलादाचा आहे.

व्यत्यय म्हणजे नेमकं काय? सगळं नीट चाललेलं असताना लेव्हल मधेच का उसळते?

भट्टीतला रस, म्हणजे वितळलेलं पोलाद, लॅडल या मोठ्या बादलीतून टंडिश या मधल्या भांड्यात आणि तिथून नोझलवाटे मोल्डमध्ये, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या तांब्याच्या साच्यात, पडतो. मोल्डमध्ये वरून रस येतो आणि खालून बिलेट ओढलं जातं. येणारं आणि जाणारं समान असेल तर रसाची पातळी, म्हणजेच लेव्हल, जागेवर राहते. हा समतोल बाहेरून जे काही मोडतं, तो व्यत्यय. अडचण अशी की ही पातळी आपणहून परत जागेवर येत नाही. आवक थोडी जास्त झाली आणि कुणी काही केलं नाही, तर पातळी चढतच राहते.

आकड्यात बघा. १६ मि.मी.चं नोझल आणि टंडिशमध्ये ४०० मि.मी. रस असेल तर बिलेट मिनिटाला साधारण २.७ मीटर वेगाने ओढावं लागतं. नोझलमध्ये अडकलेला गाळ सुटला आणि आवक १३ टक्क्यांनी वाढली, तर पातळी सेकंदाला सुमारे ६ मि.मी. चढते. मोल्डच्या काठापर्यंत १०० मि.मी. जागा असेल तर रस काठावर यायला सतरा-अठरा सेकंद लागतात. एवढ्या वेळात माणूस सावरू शकतो. विथड्रॉवल, म्हणजे बिलेट ओढणंच, पूर्ण थांबलं तर मात्र पातळी सेकंदाला ४५ मि.मी. चढते आणि हाताशी फक्त दोन सेकंद उरतात. तिथे माणसाच्या भरवशावर राहता येत नाही, इंटरलॉकच, म्हणजे आपोआप चालणारी सुरक्षा, हवा. ड्राइव्ह बंद पडल्याचा सिग्नल आला की नोझलखालची पन्हळ आपोआप सरकून धार वळली पाहिजे. हा एक इंटरलॉक दर आठवड्याला तपासावा असं मी आग्रहाने सांगतो.

लेव्हल पाच-दहा मि.मी. हलली तर एवढं काय बिघडतं? शेवटी सळईच तर बनवायची आहे.

बिघडतं, आणि ते मिलमध्ये गेल्यावर कळतं. मोल्डमध्ये बिलेट जेमतेम पंधरा सेकंद असतं. तेवढ्यात त्याच्या भोवती साधारण १० मि.मी. जाडीचं कवच तयार होतं आणि आतला रस त्या कवचाच्या आधारावर खाली जातो. या कवचाची सुरुवात रसाच्या वरच्या कडेला होते. ती कड सतत वरखाली झाली की कवच कुठे जाड, कुठे पातळ होतं. पातळी झपाट्याने चढली की आधीच्या गोठलेल्या कडेवरून रस वाहतो आणि पृष्ठभागावर घडी पडते. तरंगणारा मळ त्या घडीत अडकतो. मोल्डच्या खाली आल्यावर तो मळ अडकलेली जागा फुटली की ब्रेकआउट होतो, म्हणजे आतला रस बाहेर सांडतो.

बिलेट आतपर्यंत गोठायला या वेगाला ८ ते ९ मीटर लांबी लागते. मोल्ड संपल्यावरही बराच पल्ला आत रस असतो, म्हणून मोल्डमधली चूक मोल्डपुरती राहत नाही.

मग हे व्यत्यय येतात कुठून?

माझं स्पष्ट मत असं की मोल्डमध्ये दिसणारे बहुतेक व्यत्यय मोल्डमध्ये जन्मत नाहीत. ते भट्टीत, लॅडलमध्ये, टंडिशमध्ये, पाण्याच्या टाकीत नाहीतर विजेच्या लाइनीत तयार होतात. लेव्हलचा ऑटो लूप, म्हणजे पातळी मोजून वेग आपोआप बदलणारी व्यवस्था, ही शेवटची फळी आहे. सगळा भार तिच्यावर टाकणारा कारखाना कायम ब्रेकआउटच्या उंबरठ्यावर असतो.

सर्वांत मोठं कारण तापमान. सळईच्या पोलादात कार्बन ०.२० टक्क्याच्या आसपास असेल तर ते साधारण १५१२ अंश सेल्सियसला गोठू लागतं. टंडिशमध्ये त्याहून ३० ते ४० अंश जास्त, म्हणजे १५४५ ते १५५० अंश, मिळालं की काम सुरळीत होतं. पुढची हीट (भट्टीतून एका वेळी निघणारा रस) लॅडलमध्ये वाट बघत थांबली किंवा लॅडल नीट तापवलेली नव्हती, तर रस थंड येतो आणि नोझलच्या तोंडाशी गोठू लागतो. या भीतीने भट्टीवाला पुढची हीट पन्नास अंश चढवून सोडतो. मग मोल्डमध्ये कवच पातळ पडतं आणि ऑपरेटरला टंडिशमधली उंची उतरवून वेग कमी करावा लागतो. एका थंड लॅडलने तासाभराचं गणित बिघडतं. म्हणून दर हीटचं तापमान टंडिशमध्ये किमान तीनदा घ्या: सुरुवातीला, मध्यावर, शेवटी. तापमान मोजायची टिप वाचवण्यासाठी एकदाच तापमान घेणारे लोक त्या टिपेच्या किमतीच्या कित्येक पट बिलेट भंगारात घालतात.

टंडिश भरलेला आहे की अर्धा, याने लेव्हलला काय फरक पडतो?

नोझलमधून किती रस वाहणार, ते टंडिशमधल्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतं. उंची ४०० वरून ३०० मि.मी. झाली की प्रवाह १३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे २.७ मीटरचा वेग २.३५ वर येतो आणि त्याबरोबर मोल्डमधला वेळ, मोल्डखालच्या पाण्याच्या स्प्रेची गरज, कटिंगची लांबी सगळंच बदलतं.

लॅडल बदलताना हेच होतं. दोन स्ट्रँड (एकाच टंडिशखाली शेजारी चालणारे मोल्ड) चालू असतील आणि टंडिशचं आतलं क्षेत्रफळ एक चौरस मीटर असेल, तर वरून धार बंद झाल्यावर उंची मिनिटाला सुमारे ६० मि.मी. उतरते. दीड-पावणेदोन मिनिटांत ती १०० मि.मी. खाली येते. उपाय साधा आहे. लॅडल रिकामी होण्याआधीची तीन-चार मिनिटं टंडिश काठोकाठ ठेवा, नवी लॅडल आल्यावर हळूहळू भरा. घाईने धार पूर्ण सोडली की टंडिशमध्ये खळबळ होते आणि वरचा मळ नोझलकडे ओढला जातो.

टंडिशखाली लोडसेल बसवले तर वजनावरून उंची कळते, आणि हा आकडा लेव्हलच्या लूपला आधीच देता येतो. मोल्डमध्ये पातळी हलण्याची वाट न बघता वेग आपोआप थोडा उतरवता येतो. या सूचनेला फीडफॉरवर्ड म्हणतात. लहान कास्टरसाठी यापेक्षा किफायतशीर सुधारणा मला माहीत नाही.

नोझल बारीक का होतं, आणि कधी कधी अचानक मोठं का होतं?

बारीक होण्याचं ठळक कारण ॲल्युमिनियम. पोलादातला ऑक्सिजन मारण्यासाठी ॲल्युमिनियम टाकलं की ॲल्युमिनाचे घट्ट, न वितळणारे कण तयार होतात. ते झिर्कोनियाच्या नोझलच्या भिंतीला चिकटत जातात. मीटरिंग नोझलवर, म्हणजे जिथे धार रोखायला स्टॉपर नाही तिथे, ॲल्युमिनियमचं प्रमाण अगदी कमी ठेवावं लागतं. ऑक्सिजन मारण्याचं मुख्य काम सिलिकॉन आणि मँगनीजवर सोपवायचं. मँगनीज सिलिकॉनच्या अडीच-तीन पट असेल तर तयार होणारा मळ द्रवरूप राहतो आणि नोझलमध्ये साचत नाही. ब्लो-होल (बिलेटमध्ये वायूची छिद्रं) येतात म्हणून लॅडलमध्ये ॲल्युमिनियमचे तुकडे भिरकावण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती एक अडचण सोडवून दुसरी तयार करते.

साचलेला थर अचानक सुटला किंवा कुणी ऑक्सिजनचा पाईप लावून नोझल उघडलं की भोक मोठं होतं. १६ चं १७ मि.मी. झालं तरी प्रवाह १३ टक्क्यांनी वाढतो, कारण हिशेब व्यासाच्या वर्गाचा आहे. शिवाय पाईप लावताना नोझलची कड खाल्ली जाते, धार सरळ न पडता पसरते आणि मोल्डच्या एका भिंतीवर आदळते. पाईप लावावाच लागला तर त्या स्ट्रँडवर पुढची पाच मिनिटं एका माणसाने नजर हलवू नये.

आम्ही ऑटो लेव्हल बसवली. तरी लेव्हल झुलते. मॅन्युअलवर उलट बरी राहते. असं का?

ही तक्रार फार येते, आणि बहुतेक वेळा ती खरी असते. कारण बहुधा दोनांपैकी एक.

पहिलं, पीआयडी या नियंत्रकाचा आय, म्हणजे साठवून दुरुस्ती करणारा भाग, जास्त लावलेला असतो. मोल्डमधली पातळी स्वतःच साठत जाणारी गोष्ट आहे. तिच्यावर आणखी साठवणारा नियंत्रक लावला की दोन्ही मिळून झोके घेतात. सुरुवात फक्त पी वर, म्हणजे चुकीच्या प्रमाणात लगेच दुरुस्ती करणाऱ्या भागावर, करा. झोका न येता जितका वाढेल तितका वाढवा, मग तो अर्ध्यावर आणा आणि त्यानंतर आय अगदी थोडा द्या, तोही फक्त पातळी सेटपॉइंटच्या सतत खाली किंवा वर राहत असेल तर. कास्टिंग सुरू करताना आय बंद ठेवा, नाहीतर मोल्ड भरेपर्यंत तो भरमसाट साठतो आणि ऑटोवर टाकताच ड्राइव्ह झटका खाते.

दुसरं कारण उशीर. सेन्सर, पीएलसी (नियंत्रणाचा संगणक), ड्राइव्हचा रॅम्प (वेग हळूहळू बदलणं) आणि गिअरबॉक्समधली ढिलाई मिळून एक सेकंद जात असेल, तर दहा-बारा सेकंदांहून वेगवान लाटांना तो लूप फारसा रोखू शकत नाही. काही लाटांना तर तो मोठं करतो. हे कुणाच्या कौशल्यावर अवलंबून नाही. हेंड्रिक बोडे यांनी १९४० च्या दशकात गणिताने दाखवून दिलं की फीडबॅकने, म्हणजे मोजून मग दुरुस्ती करण्याने, एका वारंवारतेचा व्यत्यय दाबला की तो दुसऱ्या कुठल्यातरी वारंवारतेला वाढतो. कापसाची गादी एका जागी दाबली की शेजारी फुगते, तसंच हे. म्हणून प्रश्न असा विचारावा: आपल्याकडे कोणत्या लाटा सर्वांत त्रासदायक आहेत, आणि त्या लूपने दाबायच्या की उगमाशी थांबवायच्या?

मॅन्युअलवर बरं वाटतं कारण अनुभवी ऑपरेटर पातळीबरोबर धारेकडेही बघतो. धार जाड झाली की पातळी चढण्याआधीच त्याचा हात पॉटवर, म्हणजे वेगाच्या बटणावर, जातो. यंत्राला ती धार दिसत नाही. ऑटोवर असताना ऑपरेटरने पॉटला हात लावणं मात्र पूर्ण बंद करा. दोघे एकाच वेळी दुरुस्ती करायला लागले की झोका दुप्पट होतो.

व्यत्ययाचं मूळ शोधायचं कसं? ट्रेंडवर, म्हणजे पातळीच्या आलेखावर, तर सगळ्या लाटा सारख्याच दिसतात.

सारख्या दिसत नाहीत. लाटेच्या दोन शिखरांमधला वेळ मोजा. माझ्या दृष्टीने हे या पानावरचं सर्वांत उपयोगी उत्तर आहे.

मोल्डचं ऑसिलेशन, म्हणजे मोल्ड वरखाली हलवणं, मिनिटाला १८० असेल तर त्याची लाट सेकंदाच्या एक तृतीयांश वेळेची असते. विथड्रॉवलचा रोल ३०० मि.मी. व्यासाचा असेल तर त्याचा घेर ९४२ मि.मी. २.७ मीटर वेगाला तो एकवीस सेकंदांत एक फेरा पूर्ण करतो. ट्रेंडवर बरोबर एकवीस सेकंदांची लाट दिसली तर त्या रोलचं बेअरिंग, घासलेली बाजू किंवा दाब तपासा. काही मिनिटांची लांब लाट टंडिशची. एकच उंच पायरी आणि नंतर सगळं शांत, तर नोझलमधला गाळ सुटला.

मग एक चाचणी करा. वेग पाच टक्क्यांनी बदला. लाटेचा काळ त्याच प्रमाणात बदलला, तर मूळ फिरणाऱ्या यांत्रिक भागात आहे. काळ तसाच राहिला आणि गेन (लूपच्या दुरुस्तीचा जोर) कमी केल्यावर बदलला किंवा लाट विरली, तर तुमचा लूपच ती लाट तयार करतो आहे. या चाचणीला एक रुपया लागत नाही. महागडे सेन्सर बदलण्याआधी ती करा.

एक फसवणूक लक्षात ठेवा. ऑसिलेशन मिनिटाला १९० असेल आणि तुमची नोंद सेकंदाला एकदाच होत असेल, तर स्क्रीनवर सहा सेकंदांची एक लाट दिसेल, जी मोल्डमध्ये अस्तित्वातच नाही. नोंदीचा वेग कमी पडल्यामुळे वेगवान हालचाल संथ रूप घेते. शोध घ्यायचा असेल तेव्हा सेकंदाला किमान दहा नोंदी घ्या.

सिग्नल खूप थरथरतो, म्हणून फिल्टर वाढवला. आता ट्रेंड छान सरळ येतो. बरोबर आहे ना?

नाही. फिल्टर म्हणजे उशीर, आणि उशिराने काय होतं ते वर सांगितलं. ट्रेंड सरळ दिसतो, पातळी मात्र सरळ झालेली नसते. थरथर इंडक्शन भट्टीच्या पॅनेलमुळे येत असेल तर तिचा उपाय केबलमध्ये आहे. सिग्नलची केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून काढा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, सेन्सरचा अर्थिंग पॉइंट भट्टीच्या अर्थिंगपासून वेगळा आहे का ते बघा.

ऑसिलेशनचा या सगळ्याशी काय संबंध?

कवच मोल्डला चिकटू नये म्हणून मोल्ड वरखाली हलतो. ही कल्पना जर्मनीत झिगफ्रीड युंगहान्स यांनी १९३३ मध्ये पेटंट केली, आणि पोलादाचं सलग ओतकाम शक्य होण्यात तिचा वाटा मोठा आहे. मोल्ड खाली जाताना काही क्षण बिलेटहून वेगाने गेला पाहिजे. १० मि.मी. स्ट्रोक आणि मिनिटाला १८० फेरे असतील तर मोल्डचा कमाल वेग मिनिटाला सुमारे ५.७ मीटर होतो, आणि २.७ ते ३ मीटरच्या बिलेटला तो पुरतो. लेव्हल सांभाळायला तुम्ही वेग साडेतीन-चार मीटरवर नेला आणि ऑसिलेशन तसंच ठेवलं, तर चिकटण्याचा धोका वाढतो. म्हणून ऑसिलेशन वेगाला जोडलेलं असावं. तेलाची धारही तपासा: कोपऱ्यात तेल पोहोचत नसेल तर बिलेट तिथेच फाटतं.

पुस्तकात बल्जिंग हा मोठा व्यत्यय म्हणून दिला आहे. आमच्याकडे तो कधी दिसला नाही.

(अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न.) तो स्लॅबचा प्रश्न आहे. दीड मीटर रुंदीच्या स्लॅबचं कवच दोन रोलांच्या मध्ये आतल्या रसाच्या दाबाने फुगतं आणि पुढच्या रोलखाली दाबलं जातं. आतला रस त्यामुळे वर ढकलला जातो आणि मोल्डमधली पातळी तालात हलते. रोलांचं अंतर २४० मि.मी. आणि वेग १.२ मीटर असेल तर हा ताल बारा सेकंदांचा. सगळे रोल सारख्या अंतरावर असतील तर त्यांचे धक्के एकत्र येतात, म्हणून काही ठिकाणी अंतरं मुद्दाम बदलतात. १०० मि.मी. बिलेटची बाजू इतकी अरुंद असते की कवच स्वतःच तोल धरतं. कंट्रोल शिकणाऱ्यांसाठी मात्र हा विषय सुंदर आहे. ठरावीक तालाचा व्यत्यय ओळखून त्याच्या उलट तालात स्टॉपर हलवण्याच्या पद्धती, व्यत्ययाचा अंदाज बांधणारे ऑब्झर्व्हर, स्टॉपरच्या घर्षणामुळे येणारा झोका, हे सगळं इथे एकत्र भेटतं. जालन्यात २०१८ पासून आयसीटीचा (मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा) मराठवाडा परिसर आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी प्रकल्पासाठी शेजारच्या कास्टरवरची खरी नोंद मागून घ्यावी, आणि कारखान्यांनी ती द्यावी.

आमचं पाणी बोअरचं आहे. त्याचा लेव्हलशी काय संबंध?

लेव्हलशी थोडा, बिलेटच्या आकाराशी मोठा. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून येणारं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. मोल्डच्या तांब्याच्या नळीबाहेर पाणी तीन-चार मि.मी.च्या फटीतून वेगाने धावतं. तिथे क्षार बसले की उष्णता अडते. क्षारांचा ०.१ मि.मी.चा थर, म्हणजे कागदाच्या जाडीएवढा, तांब्याचं तापमान शंभर ते दोनशे अंशांनी वाढवू शकतो. तांबं मऊ पडतं, नळी वाकते, एक बाजू कमी थंड होते आणि बिलेट चौकोनाऐवजी तिरकं येतं. कर्णांमधला फरक वाढलेलं असं बिलेट मिलच्या पहिल्या पासमध्ये पिळतं. दोष मग रोलिंगवाल्यांवर येतो.

मोल्डचं पाणी बंद फेऱ्यात, मऊ केलेलंच असावं. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी यांच्या तापमानातला फरक नोंदवत राहा. वेग, प्रवाह आणि पोलाद तेच असताना हा फरक काही दिवसांत हळूहळू घटत गेला, तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे थर बसतो आहे. तो अचानक वाढला तर आधी पाण्याचा प्रवाह तपासा.

स्प्रेचं पाणी उघड्या फेऱ्यात फिरतं. कूलिंग टॉवरमध्ये दर सहा-सात अंशांच्या घसरणीमागे साधारण एक टक्का पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. दुष्काळी वर्षात ब्लोडाउन, म्हणजे क्षार साचलेलं पाणी काढून टाकणं, बंद करून तेच पाणी फिरवत ठेवण्याचा मोह होतो. ज्या प्रदेशात २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, तिथे ही ओढ मला समजते. पण ब्लोडाउन थांबवल्याने स्प्रेची नोझल बुजतात आणि बिलेटचे कोपरे तडकतात. त्यापेक्षा ब्लोडाउनचं पाणी आरओवर घेऊन परत वापरणं आणि पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवणं हा टिकाऊ मार्ग आहे. पावसाचं पाणी मुळातच मऊ असतं.

उन्हाळ्यात जास्त त्रास व्हायला हवा ना? आमच्याकडे जुलैमध्ये पाणी जास्त गरम राहतं.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. टॉवर हवेच्या ओल्या थर्मामीटरच्या (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या) तापमानाखाली पाणी नेऊ शकत नाही. मेमध्ये ४१ अंश पण कोरडी हवा असते तेव्हा ते तापमान २२-२३ च्या आसपास राहतं. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के दमट हवा असेल तर ते २७ वर जातं. म्हणून मेमध्ये पाणी जास्त उडतं आणि जुलैत कमी थंड होतं.

पावसाळ्याचा दुसरा व्यत्यय ओलावा. भिजलेलं भंगार, दमट फेरो-अलॉय आणि नीट न वाळवलेला टंडिश यांमुळे रसात हायड्रोजन जातो आणि बिलेटवर बारीक छिद्रं दिसतात. भंगार शेडखाली ठेवा. ओलं भंगार वितळलेल्या रसावर टाकणं हा थेट स्फोटाचा धोका आहे.

लाइट गेली तर?

मोल्डचं पाणी एक क्षणही थांबता कामा नये. उंचावरची टाकी आणि वीज गेली की आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह हे पहिलं संरक्षण. जनरेटर दुसरं, कारण त्याला सुरू व्हायला वेळ लागतो. टाकी भरलेली आहे हे दर शिफ्टला डोळ्यांनी बघा. पूर्ण वीज जाण्यापेक्षा विजेचा क्षणभराचा दाबउतार जास्त वेळा होतो. त्यात ड्राइव्ह ट्रिप होते आणि दिवे नुसते मिचकावतात. पीएलसी आणि लेव्हल सेन्सर यूपीएसवर असतील तरच इंटरलॉक काम करतो.

किरणोत्सर्गी सेन्सर घ्यावा का?

मोल्डच्या एका बाजूला कोबाल्ट-६० किंवा सिझियम-१३७ चा स्रोत, दुसऱ्या बाजूला डिटेक्टर. धूर, ज्वाळा, तेल असूनही तो नीट चालतो, म्हणून बिलेटला हा भरवशाचा पर्याय आहे. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि प्रशिक्षित जबाबदार व्यक्ती लागते. कोबाल्टची शक्ती ५.२७ वर्षांत निम्मी होते, त्यामुळे कॅलिब्रेशन वेळोवेळी करा. मोल्ड बदलताना स्रोत बंद करून कुलूप लावल्याशिवाय कुणीही जवळ जायचं नाही. स्रोत भंगारात जाणं ही गंभीर दुर्घटना ठरते, म्हणून त्याची नोंदवही वेगळी ठेवा.

एआय लावलं तर ब्रेकआउट थांबतील का?

मोल्डमध्ये थर्मोकपल असतील आणि काही महिन्यांची स्वच्छ नोंद असेल तर कवच चिकटल्याचा इशारा काही सेकंद आधी मिळू शकतो, आणि मोठ्या स्लॅब कास्टरवर अशा पद्धती बऱ्याच काळापासून वापरात आहेत. आपल्याकडच्या बहुतेक बिलेट कास्टरवर टंडिशचं तापमानही कागदावर, अंदाजे वेळेसह लिहिलं जातं. आधी नोंद सुधारा.

माझा मुलगा सीसीएमवर लागला आहे. तिथे जिवाला धोका किती?

धोका आहे, आणि तो कमी करता येतो. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रसाखाली अडकलेलं पाणी. डमी बारच्या (सुरुवातीला मोल्डचा तळ बंद करणाऱ्या दांड्याच्या) डोक्याभोवतीचं पॅकिंग ओलं असेल किंवा गळक्या मोल्डखाली पाणी साचलं असेल, तर रस पडताच ते क्षणात वाफ होऊन रस उडवतं. मुलाला चार गोष्टी विचारा. ॲल्युमिनाइज्ड कोट, तोंडावरची जाळी आणि बूट मिळाले का? प्लॅटफॉर्मवरून उतरायला दोन वाटा आहेत का? त्या वाटा मोकळ्या असतात का? ब्रेकआउट झाल्यावर कुणी काय करायचं, ते त्याच्या भाषेत कुणी समजावलं का? या कामावर बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले बरेच कामगार आहेत. त्यांना मराठी किंवा इंग्रजी फलक उपयोगाचे नाहीत. सूचना हिंदीत आणि चित्रांत हव्यात. कवच पातळ दिसत असताना स्ट्रँड बंद करण्याचा अधिकार ऑपरेटरला असला पाहिजे, आणि त्यासाठी नंतर त्याला कुणी बोल लावता कामा नये.

पैसे कमी आहेत. सुरुवात कुठून करावी?

आधी टंडिशमध्ये तीनदा तापमान आणि लॅडलचं नीट तापवणं. मग टंडिशचे लोडसेल. त्यानंतर मोल्डच्या पाण्याचं मऊकरण आणि तापमानातल्या फरकाची नोंद. ऑटो लेव्हल यानंतर. उलट क्रमाने खर्च केला तर महागडा सेन्सर गार रस आणि वाकलेल्या मोल्डची पातळी अचूक दाखवत बसतो.

नोंदवहीत नेमकं काय लिहावं?

दर हीटला: लॅडल टंडिशवर आल्याची वेळ, टंडिशची तिन्ही तापमानं, कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, गंधक, फॉस्फरस, नोझलचा सुरुवातीचा आणि शेवटचा व्यास, ऑक्सिजन पाईप लावला असेल तर वेळ आणि स्ट्रँड, मोल्डच्या पाण्याचा प्रवाह आणि तापमानातला फरक, बिलेटचे दोन्ही कर्ण. गंधक-फॉस्फरस मुद्दाम लिहा: सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकानुसार एफई ५०० या ग्रेडला प्रत्येकी ०.०५५ टक्के आणि एफई ५००डी ला ०.०४० टक्के ही वरची मर्यादा आहे, आणि मर्यादेच्या आत असूनही गंधकाच्या मानाने मँगनीज कमी पडलं तर बिलेट आतून तडकतं. मोल्ड नळीचा क्रमांक आणि तिच्यावर झालेल्या हीटही लिहा. ब्रेकआउट झाला की त्या बिलेटचा फुटलेला तुकडा कापून बाजूला ठेवा, त्यावर खडूने हीट क्रमांक टाका आणि नोंदवहीतल्या त्या ओळीशेजारी कवचाची मोजलेली जाडी लिहा.